वाळू

सेमिस्टर संपलं. पोलंडहून शिकायला आलेली मार्टा सहा महिने मढला पार्वतीमावशीकडे राहिली होती.

निघताना मावशी म्हणाली, “पोचलीस की लगेच कळव गं. माणूस पोचेपर्यंत आम्ही घरात झाडू मारत नाही.”

मार्टाने मागे वळून पाहिलं. उंबऱ्यापासून तिच्या खोलीपर्यंत तिच्याच पायांनी आलेली समुद्राची वाळू पसरली होती.

चौथ्या दिवशीही फोन नाही, तेव्हा मावशीनेच व्हिडिओ कॉल लावला. मार्टा खिडकीशी बसली होती. तिच्यामागे अलगद बर्फ पडत होता.

“पोचलीस ना?”

“नाही मावशी. अजून नाही.”

मावशी त्या बर्फाकडे बघत राहिली. मग हातातला झाडू तिने दारामागे ठेवून दिला.

“बरं. सावकाश पोच.”