जयप्रकाशचं विरजण

"तो परत आला, मॅडम," बंडू म्हणाला.

वैजयंतीनं पर्स टेबलावर टाकली आणि टर्मिनलकडे बघितलं. हिरव्या अक्षरांत नाव होतं, जयप्रकाश. त्याखाली, तीन नंबर बंद.

जयप्रकाशला जाऊन वर्ष होत आलं होतं. कळंबोलीजवळ ट्रकनं त्याची स्कूटर उडवली. तुर्भ्याच्या या केमिकल कारखान्यात कंप्युटर आणला त्यानं, टाक्या चालवणारे प्रोग्राम लिहिले त्यानं आणि आता मेल्यावर ड्युटीलाही तोच येत होता. काय म्हणावं याला!

"मी हात न्हाय लावला, आईशप्पत. समोर बसून चा पीत होतो."

"अरे, तुझ्यावर कोण संशय घेतंय?"

"साहेब घेतात ना!"

मॅनेजर रावसाहेब घेत होते खरे. नाव यायचं ते दुपारच्या पाळीत, भर उन्हाच्या वेळी, आणि दुपारची पाळी ऑपरेटर बंडूची. नाव आलं की तीन नंबरची टाकी बंद, माल अडकला, गेटवर टँकरवाल्यांचे हॉर्न सुरू. रावसाहेब माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. टाकीवरची धोक्याची घंटा सारखी वाजते म्हणून ती त्यांनीच काढून ठेवायला लावली होती.

"भूतबित मला सांगू नका," ते वैजयंतीला म्हणाले. "कंप्युटरवरून टाकी बंद करायची तर माझा पासवर्ड लागतो. मेलेल्या माणसाच्या नावानं पासवर्डशिवाय कोणीतरी शिरतंय. ते भोक सोमवारपर्यंत बुजवा, नाहीतर बंडूला घरी पाठवतो."

बंडूच्या घरी, सारसोळ्यात, होडी उलटी पडून होती. खाडीत मासा उरला नव्हता. सगळं घर त्याच्या पगारावर चाललं होतं.

जयप्रकाशच्या पश्चात कंप्युटर सांभाळणारी वैजयंती कामाला लागली. पासवर्ड तपासायचं काम कंप्युटरमधला एक छोटा प्रोग्राम करायचा. तिनं तो ओळ न् ओळ वाचला. त्यात जयप्रकाशचं नावही नव्हतं. तरी तिनं तो नव्यानं लिहिला, कंपायलरमधून काढला, यंत्रावर चढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः टर्मिनलपुढे बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

नाव एकेक अक्षर करत उमटलं. कीबोर्डला कुणी बोट लावलं नव्हतं.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. याच खुर्चीशेजारी बसून त्यानं तिला सगळं शिकवलं होतं. खरं सांगायचं तर नाव बघून क्षणभर तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला जास्त भीती वाटली.

त्या संध्याकाळी तिचा नवरा नंदकिशोर वाशीच्या घरी लवकर आला. तो तीन नंबरवरच सुपरवायझर होता.

"जयप्रकाश पावला! टाकी बंद, लवकर सुट्टी."

"अहो, डोळे का एवढे लाल?"

"वाफा गं. टाकी तापली की चुरचुरतात. ते जाऊ दे, उद्या कढी कर."

तिनं दूध कोमट केलं. घरातलं विरजण आंबट झालं होतं. दूध कितीही चांगलं घ्या, त्यात हेच घातलं तर दही पुन्हा आंबटच लागणार. म्हणून ती शेजारच्या दुर्गाबाईंकडे वाटी घेऊन निघाली आणि दारातच थांबली.

"अगं बाई! विरजणच!"

"काय झालं?" नंदकिशोर आतून म्हणाला.

आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत करून देतो तो कंपायलर. पण तोही एक प्रोग्रामच, आधीच्या कंपायलरनं बनवलेला. जयप्रकाशनं आपली चोरवाट तिथं कालवून ठेवली होती. वर कितीही स्वच्छ लिहा, खालून ती पुन्हा मिसळणारच!

जयप्रकाशचा हात कधी लागला नव्हता अशा कंपायलरची टेप तिनं पुण्याच्या एका कॉलेजातून मागवली. सगळे प्रोग्राम त्यातून नव्यानं काढले.

"पन मॅडम," बंडूनं विचारलं, "तो येऊन टाकीच का बंद करतो?"

"ते मागाहून बघू रे. आधी तुझी नोकरी."

सोमवारी दुपारी रावसाहेबांसमोर तिनं जयप्रकाशचं नाव टाईप केलं.

ओळख नाही, यंत्र म्हणालं.

बंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पेढे आणूनच ठेवले होते. रावसाहेबांनी दोन उचलले. "शाब्बास! आता चालवा तीन नंबर पूर्ण ताकदीनं. अडवायला कोणी नाही!" मग ते हेड ऑफिसच्या मीटिंगला गाडीनं मुंबईला निघून गेले.

बाहेर ऊन रणरणत होतं. पडद्यावर तीन नंबरचं तापमान चढत होतं. बंडूनं तोंडाशी नेलेला पेढा खाली ठेवला.

"मॅडम, हा आकडा लागला की तो यायचा."

"कोण?"

"तो."

आकडा आणखी चढला. वैजयंतीला नंदकिशोरचे लाल डोळे आठवले. तो आत्ता तिथंच होता. तिनं टाकीवर फोन लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. खिडकीतून कडवट वास आत आला.

"धाव बंडू, टाकीवर धाव! सगळ्यांना बाहेर काढ!"

तो धावला. तिनं टाकी बंद करायचा हुकूम दिला. यंत्रानं साहेबांचा पासवर्ड मागितला, आणि साहेब तर मुंबईच्या वाटेवर होते. तिनं जयप्रकाशचं नाव टाईप केलं.

ओळख नाही.

पुन्हा केलं. ओळख नाही.

टेबलावर टाकलेल्या रिसीव्हरमधून टाकीवरची रिंग अजून ऐकू येत होती. वैजयंतीनं कीबोर्डवरचे हात काढले, मांडीवर ठेवले आणि ती त्याच्या नावाचं पहिलं अक्षर उमटायची वाट बघू लागली.