घरचं माणूस

बाबा काहीही म्हणाले तरी ‘बरोबर’ म्हणायचं, असं मृण्मयीनं दुपारीच घरोघरी जाऊन सांगून ठेवलं होतं. गारखेड्यातल्या त्या सोसायटीत कुणी तिला कारण विचारलं नाही. अनंतरावांच्या पोटातली गाठ कसली आहे, हे चारही मजल्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त अनंतरावांना.

आता फार काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. घरी येऊन तिनं वडिलांना सांगितलं, साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल. ते बरं म्हणाले. नंतर डॉक्टर काय म्हणाले, हे त्यांनी आणखी एकदा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी तो विषयच सोडला. या गणपतीत खाली मंडपात एक प्रयोग करू या, असं मात्र त्यांनी हट्टानं धरलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मृण्मयीला वाटत होतं. पण मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

कचेरीतली नोकरी सांभाळून अनंतरावांनी जन्मभर मन ओळखण्याचे प्रयोग केले होते. समोरच्यानं मनात एखादं नाव, वस्तू किंवा दिवस धरायचा. अनंतराव त्याचं मनगट धरून एकेक नाव घेत जायचे आणि ज्या नावाशी नाडी अडखळेल तिथं थांबायचे. विद्या सोळा आणे खरी होती. पण नुसत्या विद्येला टाळी पडत नाही. ते खांबासारखे उभे राहायचे आणि लोक जांभया द्यायचे. मृण्मयी कॉलेजात गेली आणि तिनं त्यांना थाट शिकवला. कुठं थांबायचं, मुद्दाम एकदा कसं चुकायचं, लोकांचा श्वास कधी रोखून धरायचा. त्यावरून बापलेकीची भांडणंही रंगायची. थाट वाढला की विद्या मरते, असं ते म्हणायचे. विद्या कुणाला दिसते, असं ती विचारायची.

आता त्यांच्या बोटांना कंप सुटला होता. त्या बोटांना नाडी काय कळणार? विद्या संपली, हे तिनं मनाशी कबूल केलं होतं. थाटावर एक संध्याकाळ निभावून न्यावी, टाळ्या ऐकून त्यांनी जावं, एवढीच तिची इच्छा होती. देवाकडं मागण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

त्या वर्षीही पाऊस नव्हता. मंडपामागं नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहिले होते, आणि जुन्या इमारतींच्या नळांना पाणी नव्हतं. आरती झाली, अनंतराव कोट चढवून उभे राहिले, तेवढ्यात टँकर आला आणि अर्धे प्रेक्षक ड्रम भरायला पळाले. बिचारे अनंतराव पुन्हा खुर्चीत बसले. लोक ओल्या पायांनी परत आले तेव्हा कुठं प्रयोग सुरू झाला.

आधी बद्रीनाथ आला. तो वाळूजच्या कंपनीत कामाला होता. त्यानं मनात आपल्या लेकीचं नाव धरलं होतं. अनंतरावांनी मनगट धरलं, डोळे मिटले आणि त्याच्या वडिलांचं नाव सांगितलं. बद्रीनाथनं एकवार मृण्मयीकडं पाहिलं.

“बरोबर हाय, काका,” तो म्हणाला. “लई बरोबर.”

टाळ्या पडल्या. मग जिना झाडणाऱ्या सरूबाई आल्या. तुमच्या मनात तुमच्या सोन्याच्या पाटल्या आहेत, असं अनंतरावांनी त्यांना सांगितलं. सरूबाईंच्या अंगावर काळ्या मण्यांखेरीज काही कुणी कधी पाहिलं नव्हतं. व्हय, पाटल्याच, असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पूर्वी ते चुकले तरी इतके कधी चुकत नव्हते. आता एवढ्यावरच आटोपावं म्हणून मृण्मयी पुढं झाली, तर अनंतरावांनी तिलाच खुर्ची दाखवली. ती गोंधळली. घरचं माणूस कधी बोलवायचं नाही, लोकांना संगनमत वाटतं, हा त्यांचाच नियम. पण इतक्या लोकांपुढं त्यांना अडवायचं कसं? ती बसली.

त्यांनी तिचं मनगट धरलं. हात हलका लागला, पोराच्या हातासारखा. तिला रडू आवरेना.

“तुझ्या मनात तो दिवस आहे,” ते म्हणाले. “आईला विमानात बसवायला आपण चिकलठाण्याला गेलो होतो, तो.”

आई जन्मात कधी विमानात बसली नव्हती. आता डोकंही जातंय, असं मृण्मयीला वाटलं. तिनं कसंबसं हसू आणलं.

“बरोबर, बाबा.”

“नक्की?”

“नक्की. तोच दिवस.”

टाळ्या थांबेचनात. अनंतरावांनी मनगट मात्र बराच वेळ सोडलं नाही. मग वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

जिना चढताना ती प्रयोगाचं कौतुक करत राहिली. लोक कसे थक्क झाले, बद्रीनाथचा चेहरा कसा झाला होता, सगळं तिनं रंगवून सांगितलं. घरात आल्यावर अनंतरावांनी कोट काढला, पलंगावर बसले आणि तिला शेजारी बसवून घेतलं.

“तू माझ्याशी कधीच खोटं बोलली नाहीस, मृण्मयी. त्यामुळं तुझं खोटं बोटांना कसं लागतं, हे मला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. आज तेवढंच शिकायचं होतं. विमानाचं मी मुद्दाम बोललो, तू त्याला बरोबर म्हणालीस, आणि मला कळलं.” त्यांनी हात पुढं केला. “आता मनगट दे, आणि डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा एकदा सांग.”