रंभेच्या मेंदूतली गाठ

एमआरआयमध्ये औषध टोचल्यावर रंभेच्या मेंदूतली गाठ पांढरीशुभ्र उजळली आणि निदान करणाऱ्या यंत्राने सांगितलं: कर्करोग, वेदनारहित मरण द्यावं. अकोल्याच्या त्या पशुरुग्णालयात गाठीचा तुकडा काढून तपासणं हे यंत्र आल्यावर, अकरा वर्षांपूर्वीच बंद झालं होतं.

उकंडराव आणि त्यांची कुत्री रंभा पोलिसांच्या श्वानपथकातून एकाच दिवशी निवृत्त झाले होते. "डॉक्टरबाई, फोटोवर नका जाऊ," ते म्हणाले. "एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा."

डॉ. वैजयंती हिरुरकरांना नाही म्हणवेना. रंभेला भूल देऊन, कवटीला बारीक छिद्र पाडून त्यांनी सुईने गाठीचा कण काढला आणि कपाटातला जुना सूक्ष्मदर्शक पुसून घेतला. काचेवर कर्करोगाची एकही पेशी नव्हती. होती ती बुरशी.

"गोळ्यांनी बरी होईल," त्या म्हणाल्या. उकंडराव रंभेच्या मानेत तोंड खुपसून रडले.

ते गेल्यावर वैजयंतींनी यंत्राला विचारलं, "अशाच दिसणाऱ्या गाठी आजवर किती?"

"चारशे बारा."

त्यातल्या कित्येक जनावरांना मरणाचं इंजेक्शन त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं होतं. मग संध्याकाळी ज्या मांजराला तेच इंजेक्शन द्यायचं होतं, त्याच्या मालकिणीला त्यांनी फोन लावला.

"ताई, आज निरोप घेऊ नका. आधी मला तपासू द्या."