हुबेहूब आकाराम

लालासाहेब फौजी झोकांड्या खात आले, बेदाण्याच्या रिकाम्या शेडच्या खांबाला धडकले आणि खांबालाच म्हणाले, "काय पाव्हणं, वाट सोडताय का न्हाई?" शेडभर हशा पिकला. अगदी हुबेहूब आकाराम!

खरा आकाराम कॅमेऱ्यामागं द्राक्षांच्या क्रेटवर मान खाली घालून बसला होता. साताऱ्याहून आलेल्या अंकिताची फिल्मच मुळी उफराटी. ज्यानं दारू सोडली त्यानं तोंड उघडायचं नाही. तो पिऊन काय करायचा ते गावानं करून दाखवायचं. आकाराम भोळेपणानं हो म्हणाला आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

गावाला काय, ऊतच आला. रंगूबाई म्हातारीनं पदर खोचला. आकाराम तिच्या शेळीला बायको समजून हात जोडायचा ना, ते तिनं केलं. "एवढी बारी माफ कर गं, उद्यापासनं शिवणार न्हाई!" मग कॅमेऱ्याकडं वळून म्हणाली, "आवं, शेळीच्या डोळ्यांत पाणी आलं हुतं त्या दिवशी!" माणसं पोट धरून हसली. आकारामलाही हसू फुटलं. याच माणसांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं होतं आणि व्यसनमुक्ती केंद्रात नेलं होतं. तो तिकडं असताना त्याच्या घरची चूलही यांनीच पेटती ठेवली. हसू देत की खुशाल, त्यांचा हक्कच होता तो.

भीती होती ती एकाच माणसाची. पुढं बसून टाळ्या पिटणाऱ्या त्याच्या लेकीची, प्रियदर्शनीची. त्यानं घरात शेवटचा धिंगाणा घातला तेव्हा ती जेमतेम बोलायला लागली होती आणि पिठाच्या डब्याआड लपली होती. आता तिसरीत गेली. पोरीला त्यातलं काय आठवतंय, हे विचारायचं धाडस बापाला आजवर झालं नव्हतं.

"प्रियू, आता तू कर बघू पप्पांचं," अंकिता म्हणाली.

उठून तो कॅमेरा बंद करावा असं आकारामला वाटलं, पण तो क्रेटची कड धरून बसून राहिला.

प्रियदर्शनी उठली. कुणाला तरी बोट धरायला द्यावं तसा एक हात खाली सोडून सावकाश चालायला लागली. थांबली, वाकली, कुणाच्या तरी चपलेचा पट्टा लावला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघितलं. मग कुणाला तरी अलगद उचलून खांद्यावर घेतलं आणि गुणगुणत निघाली.

अंकितानं हळूच सांगितलं, "अगं, असं नाही. मघापासून सगळ्यांनी दारू प्यालेले पप्पा केले ना, तसं."

प्रियदर्शनीनं शेडमधल्या माणसांकडं पाहिलं, मग बापाकडं.

"त्यो माणूस मी कुठं बघितलाय, ताई? मी आपलं माझ्या पप्पांचं केलं."