सुलटे मोजे

सतरा वर्षं मी ग्लेनकार्डी फुटबॉल क्लबचे कपडे धुतले आणि दर शनिवारी सामन्यानंतर कप्तान मर्डोसाठी अर्धा तास खोळंबले. बाकीचा संघ पबमध्ये पोचला तरी हा बचावपटू ड्रेसिंगरूममध्येच. "नवरदेव, आटपलं का? लग्न लागून जाईल," मी दारातून ओरडायचे. "गुडघे म्हातारे झालेत, मावशी," म्हणत तो मळक्या कपड्यांची टोपली हातात द्यायचा. मे महिन्यात तो निवृत्त झाला. ऑगस्टमध्ये नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यानंतर टोपली लगेच मिळाली. आत प्रत्येक मोजा उलटा, चिखलाचा गोळा झालेला. आजवर सगळे सुलटेच यायचे. मला वाटायचं, पोरांना आयांनी चांगलं वळण लावलंय. एकेक सुलटा करत मी बसले आणि उठले तेव्हा बरोबर अर्धा तास झाला होता. घरी जाऊन मी लोकर आणि सुया काढल्या. मर्डोच्या पायाचं माप मला पाठ आहे.