चार व्हायोलिन

कापूस बुडाला तेव्हापासून अकोल्याकडची लग्नं लहान झाली होती. लग्नांत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या मालकाने खर्च वाचवायला दीपमालाला चार व्हायोलिनवादकांऐवजी कॉम्प्युटरवर तसाच आवाज बनवायला सांगितलं. त्या चौघांत तिचे वडील धर्मपालही होते. आठवडाभर आवाज खोटाच निघत होता. शेवटी वडीलच तिच्याजवळ येऊन बसले. "गज तारेले टेकला का आधी खरखर येते. तीबी आवाजात टाक." तिने टाकली. "चार माणसं एकदम सुरू होत नाईत. मागंपुढं कर. अन् आमचा शेषराव सुराच्या जरासा खालीच वाजवते." तिने चौथ्या व्हायोलिनचा सूर किंचित उतरवला. खोलीत खरोखरच चौघं वाजवू लागले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. "बाबा, मालकाले नाही म्हणू का?" "कावून? तुहं काम तं चांगलं झालं." ते उठून चप्पल घालू लागले. "कुठी चालले?" "त्या तिघायले सांगाले. मालकाच्या तोंडून कळण्यापरीस माह्याकडून कळलेलं बरं."