अंगणातली अंघोळ

"आधी लंगोट बांध त्याला," हौशीरामतात्या म्हणाले. "आन् अंघोळ मोरीत घाला. दार लावून."

पृथ्वीराजचं जावळ नुकतंच उतरलं होतं. त्याच्या मानेवर, पाठीवर बारीक केस चिकटले होते. चांगुणाआत्या पदरात जावळ धरून बसली होती. सगळी भावकी अंगणात होती. भारतनं पोराचं झबलं काढलं आणि त्याला तसाच उघडा खांद्यावर घेतला.

"इथंच घालायची," तो म्हणाला. "आपल्यातल्या सगळ्या पोरांची जावळाची अंघोळ अंगणातच झाली."

"त्यांचं निराळं. गावात काय बोलत्यात ठावं हाय का? भारतनं पोराची सुंता केली, म्हणत्यात."

"खरं बोलत्यात. केली."

भारतला वडील नव्हते. घरात चुलत्याचाच, तात्यांचाच शब्द चालायचा.

"उद्या लग्नात हळदीच्या अंघोळीला चारचौघांत दिसंल."

"दिसू द्या. तवर जगंल तर हळद लागंल."

"सणसवाडीच्या कंपनीत राहून डोकं फिरलं याचं. तिथं मशीनचे पार्ट काढतो, हिथं पोराचा काढला," तात्या म्हणाले.

दोघं-तिघं हसले. भारत हसला नाही. तो पोर घेऊन आईकडं गेला.

साखरबाई पाटावर पाय लांब करून बसली होती. शेजारी गरम पाण्याची बादली, वाटीत तेल. भावकीतलं प्रत्येक पोर तिच्या पायांवर न्हालं होतं. तिनं हात पुढं केले. भारतनं पृथ्वीराजला तिच्या पायांवर उताणं ठेवलं. तिनं छातीला तेल लावलं, पोटाला लावलं, मांड्या चोळल्या. मग सवयीनं तिची दोन बोटं मधे गेली.

भारतनं तिचं मनगट धरलं.

"आई, तिथं ओढायला आता काही राहिलं न्हाई."

साखरबाईनं वर बघितलं. "मी काय वाईट केलं रं? कातडी रोज मागं सारून मोकळी करावी लागती. सगळ्यांचीच केली. तुझीबी केली."

"आमचीबी केली आमच्या आईनं," तात्या म्हणाले. "काय झालं आम्हाला?"

"थांब, तुझ्या बायकोलाच विचारून सांगते," चांगुणाआत्या भावाला म्हणाली.

बायकांनी तोंडाला पदर लावले. तात्या दुसरीकडं बघायला लागले.

भारतनं आईचं मनगट अजून सोडलं नव्हतं. "शिरूरच्या डॉक्टरनं मला दाखवलं. रोज ओढून कातडी आतनं फाटली. भरली, परत फाटली. भरता भरता भोकच बुजत आलं. लघवी तुंबायची आन् ताप चढायचा. सलाईन लावायला शीर घावत नव्हती पोराची. डॉक्टर म्हणला, बारक्या पोराची कातडी आपली आपण मोकळी होती, तिला हात लावायचा नसतो. पण याची आता व्हायची न्हाई, कापावीच लागंल. मी म्हणलं, कापा."

"आम्हाला एका शब्दानं विचारायचंस," तात्या म्हणाले.

"तुम्ही न्हाई म्हणला असता."

"अरे, त्याची आई असती तर तिनं तरी हे होऊ दिलं नसतं."

भारतनं मनगट सोडलं. तात्यांकडं वळला.

"त्याची आई सांगत होती सासूला. 'आत्या, नका ओढू, रक्त येतंय.' तुम्ही सगळे हिथंच होता. पहिलटकरणीला काय कळतंय, म्हणून तिला गप केलं. अंकिता पावसाळ्यात डेंगीनं गेली. आता ती सांगायला न्हाई, म्हणून मी सांगतोय. भर अंगणात सांगतोय."



त्यानं पोर आईच्या पायांवरून उचललं. प्यांट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओल्या फरशीवर पाय लांब करून बसला. पोराला अंघोळ घालायला असं बसलेला बाप्या त्या अंगणानं पाहिला नव्हता. एक म्हातारा नुसताच खाकरला. भारतनं पृथ्वीराजला पायांवर घेतलं आणि हातानं पाणी किती गरम ते बघून तांब्या ओतला. केस वाहून गेले. वरून पाणी पडत असतानाच पोरगं मुतलं. सरळ धार गेली. ते रडलं नाही, मुठी आवळल्या नाहीत, दुसऱ्या तांब्याकडं बघत राहिलं.

बायका बघत होत्या. हे पोर लघवीला झालं की चार घरांपर्यंत ओरडणं ऐकू जायचं, हे त्यांना माहीत होतं.

साखरबाईचे पाय रिकामे होते. ती काही तरी बोलायचं म्हणून बोलली, "नीलम, तुझं आण गं. पाणी गरम हाय तवर."

नीलम ही तात्यांची सून. तिचं बाळ महिन्याचं, तेही मुलगाच. रोज याच वेळेला ती त्याला साखरबाईच्या पायांवर द्यायची. ती उठली, बाळाचं दुपटं सोडत पाटापर्यंत आली आणि थांबली.

"थोरल्या आत्या, जरा सरकता का? आजपासून मीच घालते."

"नीलम!" तात्या ओरडले.

"व्हय मामा," नीलम म्हणाली. तिनं मागं वळून बघितलं नाही. "अंघोळ घालून येते."

साखरबाई पाटावरून उठली आणि बाजूला सरकून बसली. नीलमनं पाय लांब केले. साखरबाईच्या तळव्यावर तेल तसंच होतं. तिनं ते थोडा वेळ नुसतंच धरलं. मग आपल्याच गुडघ्यांना चोळत बसली.